पाणपोईची खिडकी

त्या दिवशी मी भर दुपारी, भर रस्त्यात एका अनोळखी माणसाला शिवी हासडली आणि तिथून हे सगळं सुरू झालं. दौंडात स्टेशनकडून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला काळ्या दगडाची एक जुनी पाणपोई आहे. तेव्हा ती पाणपोई आहे हे सांगावं लागायचं. डोक्यावर पिंपळ उगवलेला, अंगावर क्लासच्या जाहिराती, पुढच्या खिडकीत कुणीकुणी कोंबलेले चहाचे कप आणि नारळाच्या करवंट्या. तो गृहस्थ तिच्या अंगाला तोंड करून उभा होता, कशासाठी ते सांगायला नको. मी ओरडलो. त्यानं सावकाश आवरलं, ही काय तुमच्या बापाची आहे का असं विचारलं आणि निघून गेला.

खरं सांगायचं तर त्या माणसावर मी एवढा चिडलोच नव्हतो. दीड वर्षात माझं कुणाशी भांडण झालं नव्हतं, ते साचलं होतं. बायको होती तोवर दिवसाला दोन तरी व्हायची. चहात साखर किती यावर एक आणि पंखा किती नंबरवर ठेवायचा यावर एक. ती गेली ती मी रेल्वेतून रिटायर झालो त्याच्या आदल्याच महिन्यात. तुम्ही दिवसभर घरात बसलात तर मला वेड लागेल, असं ती म्हणायची. बिचारीवर तशी वेळ आली नाही. मी मात्र दिवसभर घरात बसलो आणि टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी भांडायला लागलो.

मुलगा सणसवाडीला कंपनीत आहे, शिक्रापूरला खोली घेऊन राहतो. महिन्या-दोन महिन्यांनी येतो. चांगला आहे पोरगा, तक्रार नाही. पण येताना स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येतो. मी तांब्या-भांडं पुढं ठेवतो आणि तो बाटलीचं झाकण उघडतो. पाणी बदललं की घसा धरतो म्हणतो. ज्या गावात जन्मला, वाढला, त्या गावचं पाणी! जेवणही वाटेत झालेलं असतं. बायको गेल्यापासून माझ्या हातचं कुणी काही खाल्लं नव्हतं, घोटभर पाणी प्यालं नव्हतं. हे तेव्हा कुणाला बोललो नाही, आता लिहितो आहे.

तर ती पाणपोई नीट करायची असं मी ठरवलं. सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात फिटर म्हणून केली. प्लॅटफॉर्मचे नळ, गाड्यांत पाणी भरायच्या लाइनी, पंपहाउस, सगळं या हातांखालून गेलेलं. एक पाणपोई म्हणजे काय मोठं! परवानगीसाठी नगरपालिकेत अर्ज करायला गेलो तर तिथल्या क्लार्कनं पहिला प्रश्न विचारला, कुणाच्या स्मरणार्थ? मी म्हटलं, कुणाच्या नाही. तो म्हणाला, असं कसं, पाणपोई कुणाच्या तरी स्मरणार्थच असते, रकाना मोकळा कसा सोडायचा. मग माझ्याकडे नीट बघून त्यानं हळूच विचारलं, वहिनींच्या नावानं लिहू का. माणूस भला होता, पण माझं डोकं सणकलं. बायकोचं नाव मला भिंतीवर नको होतं, घरात हवं होतं. शेवटी त्यानं रकान्यात आडवी रेघ मारली आणि कागद पुढं गेला.

पहिली अडचण पिंपळाची. पिंपळावर कोयता चालवायला दौंडात माणूस मिळेना. त्यांना देवाचं झाड म्हणून भीती आणि मला तरी कुठं धीर होता, मी बुद्धाचा माणूस, माझ्यासाठी तर तो बोधिवृक्ष! मग चार दिवस खपून, दगडाच्या फटीफटीतून ओलं करत करत मी त्याचं मूळ मोकळं केलं आणि ते रोप आमच्या विहाराच्या आवारात नेऊन लावलं. मग ऑइल पेंटचे थर खरवडले. हिरवा, भगवा, पिवळा, पुन्हा हिरवा. जो निवडून आला त्यानं आपला रंग मारलेला. खाली घडीव काळा दगड निघाला, बारीक टाकीचा, हात फिरवत राहावा असा. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायला मी कळीचा चुना भिजत घातला. गवंडी हसले. सिमेंट मारा काका, दोन दिवसांत मोकळे व्हाल, म्हणाले. मला मोकळं व्हायचंच नव्हतं.

आप्पा तिथं भेटले. समोरच्या सायकलच्या दुकानाच्या पायरीवर ते रोज येऊन बसायचे, ऐंशी पार केलेले, हातात काळी छत्री. बाजारपेठेत सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी उठून आले आणि म्हणाले की या खिडकीत माझा आजा बसायचा, त्याच्या मागं माझा बाप. म्हणजे पूर्वी इथं नळ नव्हताच. आत दोन रांजण पुरलेले असायचे. मागच्या बाजूला ठेंगणं दार आहे, त्यातून एक माणूस आत जाऊन बसायचा, ओगराळ्यानं पाणी काढायचा आणि खिडकीतून बाहेरच्याच्या ओंजळीत धरायचा. उन्हाळ्यात वाळा घालायचे म्हणे. गाडी चुकलेले लोक त्या वासावर यायचे.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या आळीतले. मी सांगितलं, स्टेशनपलीकडं, विहाराजवळ. ते म्हणाले, बरं बरं. हे बरं बरं मला लहानपणापासून पाठ आहे. पण दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी आले, रोज यायला लागले. बोलायचे. दौंडातली कोणती इमारत आधी काय होती, कुणाचा टांगा कुठं उलटला, कोणत्या सालात नदी कुठवर आली. मीही बोलायचो. सकाळी दाढी करताना मला आठवायचं की आज आप्पांना अमुक विचारायचं आहे. तेवढ्यावर मी पटकन आवरून बाहेर पडायचो.

डाव्या भिंतीचा चुना खरवडताना एक भोक लागलं. चिंध्या आणि माती ठासून बुजवलेलं. मी ते तारेनं मोकळं केलं. आतून बाहेर उतरत येणारी दगडी पन्हळ होती, हातभर लांब, आतल्या तोंडाशी वाटीएवढा खळगा, बाहेरचं तोंड घासून गुळगुळीत झालेलं. मला कोण आनंद झाला. मी आप्पांना हाक मारून बोलावलं आणि माझी अक्कल पाजळली. म्हटलं, बघा आप्पा, जुने लोक किती विचार करायचे, रांजण धुतल्याचं पाणी वाया नको म्हणून जनावरांसाठी सोय केली आहे.

आप्पांनी छत्रीच्या टोकानं पन्हळीचं तोंड दाखवलं. मग म्हणाले, "जनावरांसाठी न्हाई. माणसांसाठी."

"कुठल्या माणसांसाठी?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या."

फिटर म्हणून मला आधीच कळायला हवं होतं. खाली जनावराला प्यायला हौद नव्हता. तोंड माणसाच्या छातीच्या उंचीवर होतं. आतून ओगराळं त्या खळग्यात ओतायचं, बाहेर पाणी यायचं, म्हणजे ओगराळं आणि ओंजळ यांच्यामध्ये भिंत. आणि ते बाहेरचं तोंड कशानं गुळगुळीत झालं होतं ते बघत मी तिथं उभा राहिलो. माझे वडील रेल्वेत खलाशी होते. बाजारात निघाले की घरून पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन निघायचे. मी लहानपणी त्यांना हसायचो. गावभर नळ झाले होते तेव्हा, सगळ्यांना मोकळे, तरी त्यांचा डबा सुटला नाही. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आठ दिवस मी कामावर गेलो नाही. घरात बसून राहिलो. काम का थांबलं, हे विचारायला कुणीही आलं नाही. मी मरून पडलो असतो तरी चुना वाळल्यावरच लोकांना कळलं असतं.

नवव्या दिवशी उठलो ते रागातच. ठरवलं, आता इथं कुणी कुणाला वाढायचं नाही आणि कुणी कुणापुढं ओंजळ धरायची नाही. आत रांजणांच्या जागी स्टीलची टाकी बसवली, पुढच्या भिंतीला तीन नळ काढले, दाबले की पाणी, सोडले की बंद. जॉइंट असे केले की थेंब गळायचा नाही. पन्हळ मात्र बुजवली नाही. बुजवायला हात होईना, आणि उघडी बघवेना.

पाणी सुरू झालं त्या दिवशी फीत नाही, नारळ नाही. मीच पहिला नळ दाबला. मग लोक यायला लागले. रिक्षावाले आले, कॉलेजची मुलं आली, बिहारकडचे कामगार पाठीला पिशव्या लावून आले. बाटल्या भरायचे आणि जायचे. मी प्लास्टिकची खुर्ची टाकून शेजारी बसायचो. संध्याकाळपर्यंत शे-दीडशे माणूस पाणी नेई आणि माझ्याकडं एकही मान वळत नसे. का वळावी? एवढं चोख काम केलं होतं की माझी कुणाला गरजच उरली नव्हती. वा रे फिटर! मला तेव्हा स्वच्छ कळलं की मला पाणपोई नको होती. मला कुणीतरी यायला हवं होतं, थांबायला हवं होतं आणि माझ्या हातून काहीतरी घ्यायला हवं होतं.

मे महिन्यानं माझी चूक उघडी केली. दौंडचं ऊन आणि त्यात स्टीलची टाकी. दुपारी बारानंतर नळाला चहा करता येईल असं पाणी यायला लागलं. लोक नळ दाबायचे, हात झटकायचे आणि मला ऐकू येईल असं बोलून जायचे. इतकी वर्षं पाण्यात काढलेल्या माणसानं एवढं ओळखू नये! मग मी दोन मोठे माठ आणले, लांब दांड्याचं ओगराळं आणलं आणि ठेंगण्या दारातून वाकून आत गेलो. खिडकीशी पाट टाकून बसलो. ज्या जागी आप्पांचा बाप बसायचा त्याच जागी.

पहिला आला तो एक परप्रांतीय कामगार. त्यानं नळाला हात लावून काढून घेतला, खिडकीत मला पाहिलं आणि सरळ दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली. मी ओतलं. ओगराळ्याची सवय नव्हती, निम्मं त्याच्या मनगटावरून गेलं. तो पोटभर प्याला, गार पाणी तोंडावर मारलं, भला हो चाचा असं काहीसं म्हणाला आणि गेला. नंतर बऱ्याच जणांना दिलं. शाळेच्या मुली, भाजीवाल्या, एक हवालदार. खिडकी बुटकी आहे, प्यायला वाकावंच लागतं, आणि वाकलेल्या माणसाचं तोंड अगदी जवळ येतं. एकेकाचे डोळे दिसायचे. घरी गेल्यावर मी टीव्ही लावायचा विसरलो, असे चार-सहा दिवस गेले.

पण आप्पा खिडकीशी येत नव्हते. ते पायरीवर बसायचे, माझ्याशी लांबून बोलायचे, आणि तहान लागली की उठून नळाशी जायचे. भर दुपारी, ते उकळतं पाणी, फुंकर घालत घालत प्यायचे. माझ्या खिडकीपासून दोन हातांवर. मी आतून बघत असायचो. शंभर माणसांनी माझ्या हातचं पाणी घेतलं तरी माझा डोळा त्या एकावर. मनाला समजावलं की म्हातारा आहे, सोड. पण सोडवेना. आणि बोलायचंही धाडस होईना, कारण सगळ्या दौंडात माझ्याशी चार शब्द बोलणारा तो एकच माणूस होता. बोललो तर तो जाणार आणि न बोललो तर हे रोज बघायचं. असे पंधरा दिवस मी काढले.

शेवटी एका दुपारी तोंडातून गेलंच. मी म्हटलं, "आप्पा, माठातलं घ्या की. गार आहे."

"नको. घसा धरतो."

मुलाचेच शब्द. माझा तोल गेला. मी म्हणालो, "उकळतं पाणी तुमच्या घशाला चालतं, आणि माझ्या हातचं चालत नाही, व्हय ना?" रस्त्यावरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. आप्पांनी नळ सोडला, हात धोतराला पुसले, छत्री घेतली आणि गेले.

ते चार दिवस आले नाहीत. सायकलवाला म्हणाला, तब्येत बरी आहे, मागच्या गल्लीनं फिरायला जातात. मी आपला बसून. पाणी देत होतो, पण समोरची रिकामी पायरी दिसायची आणि ओगराळं जड व्हायचं. माफी मागायची की नाही याच्यावर मी स्वतःशी वाद घालत होतो आणि कशाबद्दल मागायची तेच मला सापडत नव्हतं.

पाचव्या दिवशी, उन्हाच्या अगदी कडाक्याला, ते आले. रस्ता ओलांडला, पण पुढं नळाशी थांबले नाहीत. खिडकीशीही नाही. वळसा घालून डाव्या बाजूला गेले. मला आतून फक्त पन्हळीचं भोक दिसत होतं आणि त्या भोकातून बाहेरचा उजेड. त्या उजेडात दोन हात आले. सुरकुतलेले, नखं नीट कापलेली, एकमेकांना जोडून ओंजळ केलेली.

"सोडा," बाहेरून आवाज आला. "हितनं सोडा."

मी ओगराळं भरलं. ते पन्हळीच्या खळग्यावर धरलं, आणि तसाच राहिलो. मला कळेना. हा माणूस माझ्या बापाच्या जागी उभा राहून काही फेडतो आहे, का माझ्या हातचं घ्यायला त्याला अजूनही मध्ये भिंत हवी आहे? तोंड दिसत असतं तर कळलं असतं. नुसत्या ओंजळीवरून काय कळणार? भोकाची बाहेरची कड माझ्यासमोर होती, किती जणांच्या हातांनी घासलेली कोण जाणे, आणि ओगराळं काही वाकेना.

मी म्हणालो, "आप्पा, या पन्हळीतून मी कुणालाच पाणी देणार नाही. पुढं या. खिडकीशी."

बाहेर काही हालचाल झाली नाही. ओंजळ तशीच होती. उन्हात इतका वेळ हात पुढं करून उभं राहणं म्हाताऱ्या माणसाला सोपं नाही. बोटं थरथरायला लागली, तरी मी ओगराळं तसंच धरून. मग हात खाली गेले.

"म्हंजी तुम्ही बी अट घालणार," आप्पा म्हणाले.

आवाजात राग नव्हता. मी खिडकीतून डोकं काढून पाहिलं तेव्हा ते रस्ता ओलांडून पलीकडं गेले होते, छत्री उघडायचीसुद्धा शुद्ध नव्हती. त्या दिवशी ते पाणी न पिताच गेले. दोन दिवसांनी सायकलवाल्यानं सांगितलं की आप्पा पाटसला मुलीकडं गेले, आता तिकडंच राहणार बहुतेक.

अट! मी घरी भिंतीशी भांडलो. अट कुणी घातली, किती पिढ्या घातली, ते बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही. मी पन्हळीतून दिलं नाही याचा मला पस्तावा नाही. आजही देणार नाही. पण पाणपोईवर आलेला एक तहानलेला माणूस माझ्या दारातून कोरड्या घशानं गेला, हेही खरंच आहे, आणि ते कुठल्याच वादात बसत नाही.

मग एका संध्याकाळी माठ पालथे घालताना मला ते सुचलं. ज्या क्षणी ती बोटं थरथरत होती त्या क्षणी मी तांब्या भरून उठू शकलो असतो. पन्हळ नको आणि खिडकीही नको. बाहेर जाऊन उन्हात आप्पांच्या शेजारी उभा राहिलो असतो आणि त्यांच्या तोंडाकडं बघत त्यांच्या ओंजळीत पाणी ओतलं असतं. घेतलं असतं की नसतं, ते तरी कळलं असतं. दार माझ्या पाठीशीच होतं, नुसतं लोटलेलं, आणि मी आत बसून त्यांना पुढं या म्हणत होतो.